वरचा झरोका बारमाही उघडा

एरंडोल तालुक्यात अंजनी नदीच्या काठाने गावं पाहत गेलं, की परसातल्या कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय तीन तऱ्हांची दिसते. एक, ओट्याच्या पोटात ठेवलेला दगड-मातीचा कोनाडा. तोंडाला फळी आणि फळीला दगडाचा टेका. दुसरी म्हणजे सोय म्हणून काहीच नाही. दिवेलागण झाली की कोंबड्या लिंबाच्या फांदीवर किंवा सोडून ठेवलेल्या बैलगाडीवर चढून बसतात. तिसरी अलीकडची. चार अँगल, तीन बाजूंनी आणि वरून पत्रा, पुढे जाळीचं दार, आणि थंडी पडली की त्या दारावर ताडपत्री.

हवेच्या बाबतीत या तिघांत झाडाची फांदी सगळ्यात सरस. पण फांदीवर बोका चढतो, आणि पावसात भिजलेली कोंबडी चार दिवस अंडं देत नाही. म्हणून खुराडं बांधावंच लागतं. मात्र बांधणाऱ्याच्या डोळ्यापुढे असतात ते बोका, मुंगूस आणि चोर. हवा आत कुठून येणार आणि बाहेर कुठून जाणार, हा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. गावठी अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हातात राहतात, मुलांच्या वह्या-पुस्तकांना लागतात. देशाच्या २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१.७ कोटी निघाली, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. इतक्या घरांचा आधार असलेल्या या पक्ष्याच्या घराकडे आपण जरा बारकाईने पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्यात खानदेशाची हवा सरळ नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, कधी त्याच्याही पुढे. मृग लागला की तीच जमीन चिखल होते आणि आषाढ-श्रावणात हवा ओली राहते. मग मार्गशीर्ष-पौषात रात्री पारा १० अंशांवर आणि काही रात्री त्याच्याही खाली उतरतो. कोकणात किंवा देशावर खुराड्याचा एखादा नमुना बारा महिने निभावून जाईल. एरंडोलात त्याच खुराड्याला तीन वेगवेगळी कामं करावी लागतात.

सुरुवात थंडीपासून करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. थंडी सुरू झाली की घरातली जाणती बाई सांगते, ‘वारा लागी जाई, झाकी दे.’ तिच्या सांगण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कोंबडीला थंडीचा त्रास फार कमी होतो. तिच्या पिसांच्या थरात हवा कोंडून राहते आणि ती हवाच तिचं पांघरूण. रात्री ती दांडीवर बसते, पिसं फुलवते, पाय अंगाखाली घेते, डोकं पंखात खुपसते. मोठी, निरोगी, पिसं भरलेली गावठी कोंबडी ८-१० अंशांची रात्र बिनतक्रार काढते. हे पांघरूण निकामी होतं दोनच गोष्टींनी: पिसं ओली झाली तर, आणि थेट अंगावर येणाऱ्या झोताने ती विस्कटली तर. म्हणजे झोत अडवायचा आणि ओल बाहेर घालवायची. आपण ताडपत्री बांधून झोत अडवतो खरा, पण त्याबरोबर ओल आत कोंडतो.

ही ओल येते कुठून? कोंबडीच्याच पोटातून. एक कोंबडी थंडीच्या दिवसांत साधारण २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते. अंडं दिलं तर त्यातलं ३५-४० मिलिलिटर अंड्यात जातं. बाकीचं सगळं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. थंडीत कोंबड्या संध्याकाळी सहाला आत जातात, सकाळी साडेसहा-सातला बाहेर येतात. ढोबळ हिशेब केला तर दहा कोंबड्या एका रात्रीत पाऊण ते एक लिटर पाणी खुराड्यात सोडतात.

आता दुसरी बाजू पाहा. दहा कोंबड्यांना पाच फूट बाय चार फूट जागा आणि साडेपाच फूट उंची दिली तर आतली सगळी हवा तीन घनमीटरच्या थोडी वर भरते. १० अंश तापमानाची एक घनमीटर हवा फार तर साडेनऊ ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते. म्हणजे पूर्ण खुराड्याच्या हवेत मावणारी वाफ ३० ग्रॅमच्या आतबाहेर. कोंबड्यांनी सोडलेल्या पाण्यापैकी निम्मंच जरी वाफ झालं, तरी ते बाहेर नेण्यासाठी रात्रभरात आतली हवा निदान बारा ते सतरा वेळा बदलायला हवी. ताडपत्रीने गच्च बांधलेल्या खुराड्यात ती बदलत नाही. मग ती वाफ कुठे जाते, ते पौषातल्या पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला हात लावला की कळतं.

खानदेशातल्या थंडीत आकाश निरभ्र असतं. पत्रा रात्रभर आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. आतली उबदार, ओलसर हवा वर चढते, त्या गार पत्र्याला लागते आणि तिथे पाणी धरतं. पहाटे टॉर्च मारून वर पाहिलं तर पन्हाळीच्या प्रत्येक खोलगट रेषेत आणि प्रत्येक खिळ्याच्या टोकाशी थेंब लोंबताना दिसतो. तो थेंब खाली दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या पाठीवर पडतो. पांघरूण ओलं करणारा पाऊस आपणच आत तयार केलेला असतो. थेंबाखालची गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा किंवा टरफलं, ओली होते, ओल्या विष्ठेतल्या युरिक आम्लावर जिवाणू काम करू लागतात आणि अमोनिया सुटतो.

अमोनियाचा वास माणसाला झोंबतो, पण रोज दार उघडणाऱ्याचं नाक त्याला लवकर सरावतं. शिवाय आपण वास घेतो तो उभं राहून, दाराबाहेरून. कोंबडी तिथे बारा तास असते आणि तिचं नाक गादीपासून फार लांब नसतं. पक्ष्यांची श्वसनाची घडणही वेगळी आहे. फुप्फुसं लहान, पण त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या थेट पोटापर्यंत आणि काही हाडांच्या पोकळीपर्यंत गेलेल्या. हवेतलं बरंवाईट त्यांच्या अंगात आपल्यापेक्षा खोलवर जातं. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांहून जास्त अमोनिया कोंबड्यांच्या घरात असू नये, असं जाणकार सांगतात. त्याच्या वर तो राहिला तर श्वासनलिकेच्या आतल्या, घाण बाहेर ढकलणाऱ्या बारीक केसांना इजा होते, डोळे चिकटतात, आणि मग मानमोडीपासून साध्या सर्दीपर्यंत कुठल्याही रोगाला दार मोकळं. जानेवारीत कोंबड्या शिंकायला लागल्या, डोळ्यात फेस आला, की ‘थंडी लागली’ म्हणतात आणि ताडपत्री आणखी घट्ट बांधतात. रोगाला खतपाणी घालायचं तर याहून सोपा उपाय नाही.

हवा पुरते की नाही, हे तपासायच्या दोन परीक्षा आहेत. पहाटे कोंबड्या बाहेर सोडायच्या आधी, खुराड्याच्या आत डोकं त्यांच्या उंचीवर नेऊन एक मोठा श्वास घ्या. डोळ्यांत चरचर झाली तर हवा कमी पडतेय. दुसरी परीक्षा उदबत्तीची. संध्याकाळी कोंबड्या बसल्यावर पेटती उदबत्ती दांडीच्या उंचीवर धरायची. धूर सावकाश वर चढून वरच्या फटीतून बाहेर गेला तर उत्तम. आडवा पळाला तर झोत आहे. तिथेच घुटमळून खाली पसरला तर हवा कोंडली आहे. बाकी कुठलंही यंत्र लागत नाही.

यावरचा इलाज एका वाक्यात सांगता येतो: छपराखालची वरची फट बारा महिने उघडी ठेवायची, आणि खालची बाजू ऋतूप्रमाणे उघडझाप करायची. कोंबडीच्या अंगातून विसाव्यातही साधारण ८-१० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. दहा कोंबड्या म्हणजे ८० ते १०० वॅट. थंडीत कुणी खुराड्यात बल्ब लावतात. तेवढी ऊब आत आधीच बसलेली असते. तिने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, बरोबर वाफ आणि अमोनिया नेते, आणि तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा येते. वाट दिली तर हे काम रात्रभर आपोआप चालतं. नाशिक-जळगावकडचा शेतकरी कांदाचाळ बांधताना हेच करतो: तळ उंच उचलतो, खालून हवा घेतो, वरून सोडतो. कांद्याला सडू न देणारी अक्कल कोंबडीसाठी वापरायला काय हरकत आहे?

बांधकामात दोन-तीन गोष्टी पक्क्या केल्या की पुढचं सोपं जातं. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. एरंडोल कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ उत्तर अक्षांशाच्या अगदी लगत आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा उत्तर-दक्षिण बाजूंच्या जाळीतून ऊन आत येत नाही. ते येतं सकाळी पूर्वेकडून आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून. म्हणून पूर्व-पश्चिम बाजू अरुंद आणि बंद, उत्तर-दक्षिण बाजू लांब आणि जाळीच्या. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो, तेव्हा तेच ऊन दक्षिणेच्या जाळीतून तिरपं आत शिरतं आणि गादी वाळवतं. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, दोन्ही एकाच रचनेतून मिळतं.

छप्पर एका बाजूला उतरतं असेल तर उतरती, खालची बाजू दक्षिणेला किंवा नैऋत्येला ठेवावी, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो. उंच बाजू उत्तरेला. त्या उंच बाजूला पत्र्याच्या लगत खाली चार ते सहा इंचांची फट पूर्ण लांबीभर सोडायची आणि तिला अर्ध्या इंची वेल्डमेश मारायची. कोंबड्यांसाठी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी इथे चालत नाही. तिच्या मोठ्या भोकांतून लहान साप येतो, उंदीर येतो आणि मुंगूस दातांनी ती फाडतं. पत्रा भिंतीच्या पुढे दोन-तीन फूट काढावा. तळाशी दीड फूट भिंत विटांची किंवा पऱ्हाटीच्या कुडाची, दोन्ही अंगांनी शेण-मातीने लिंपलेली. बसायची दांडी दोन फुटांवर, आणि खुराड्याच्या मधोमध. जाळीला खेटून लावली तर झोत थेट पाठीत.

आणि पडदा. गोणपाटाचा किंवा युरियाच्या पिशव्या शिवून केलेला पडदा जाळीला वरून खाली सोडायची आपली रीत आहे. ती मोडावी. पडद्याची खालची कड दीड फुटाच्या भिंतीला कायमची खिळवायची आणि वरची कड दोरीने ओढून वर न्यायची. मोठ्या ब्रॉयलर शेडमध्ये पडदे असेच असतात. याचा फायदा असा, की पडदा कितीही वर नेला तरी उघडं राहायचं ते वरच राहतं. थंडीत पडदा कोंबड्यांच्या डोक्याच्या वर फूटभर नेऊन बांधा. झोत त्यांच्यावरून निघून जाईल आणि वरची फट आपलं काम करत राहील. वरून सोडलेला पडदा याच्या नेमकं उलट करतो: वाफ कोंडतो आणि खालून पायांना वारा लावतो. पत्र्याला आतून गोणपाट ताणलं किंवा वर कडब्याचा जाड थर टाकून दोरीने आवळला, तर थेंब धरायचं प्रमाणही पुष्कळ कमी होतं.

पिल्लांचं गणित निराळं. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. कोंबडीच्या पंखाखाली ती मिळते. विकत आणलेल्या पिल्लांना बल्ब लागतो. पण बांबूच्या डालग्यावर पोतं टाकताना माथा उघडा ठेवायचा, हा नियम तिथेही तोच.

आता उन्हाळा. इथे मरतूक डोळ्यांना दिसते, म्हणून धावपळ होते, पण कधी कधी चुकीच्या दिशेने. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश. भोवतालची हवा तिशीच्या पुढे गेली की ती पंख अंगापासून लांब धरते, चोच उघडते आणि धापा टाकते. धापेतून पाणी उडतं आणि त्यातून अंग निवतं. पण धापेबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा चुना कमी पडतो. वैशाखात अंडी पातळ कवचाची येतात त्यामागे हे कारण आहे. नुसता शिंपला चारून ते पूर्ण भरून निघत नाही.

एरंडोलची दुपार ४४ अंशांवर गेली की एक विचित्र गोष्ट घडते. बाहेरची हवा कोंबडीच्या अंगापेक्षा गरम होते. मग वारा तिला निववत नाही, उलट तापवतो. पंख्याचा झोतही त्या वेळी तिला फारसा कामाचा नाही. म्हणून उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच पश्चिमेची झळ अडवायची आणि सूर्य कलला की सगळे पडदे खाली सोडून जाळीच्या दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या. हिवाळ्यात रात्री आडोसा आणि दिवसा मोकळं; उन्हाळ्यात दुपारी आडोसा आणि रात्री मोकळं. वरची फट दोन्हीकडे उघडीच.

झळ अडवायला ओलं गोणपाट खानदेशात फार छान चालतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. जळगाव-भुसावळकडे घरोघरी डेझर्ट कूलर चालतो तो याच जोरावर. मात्र गोणपाट एकाच बाजूला लावायचं, वारा येतो त्या बाजूला, आणि समोरची बाजू मोकळी सोडायची. चारही बाजूंना ओली पोती लावली की हवा आत अडते, ओलीने भरते, आणि मग धापेतून पाणी उडणंच थांबतं. कोंबडीकडे निवायचा तो एकच मार्ग असतो. अशी ओल्या पोत्यांनी गच्च झाकलेली खुराडी मी पाहिली आहेत. आत हात घातला तर गार लागत नाही, कोंदट लागतं.

मरतूक बहुतेक वेळा ऐन दुपारी होत नाही, संध्याकाळी होते. दिवसभर अंगात साठलेली उष्णता घेऊन कोंबडी दिवेलागणीला आत जाते आणि खुराडंही तापलेलं असतं. इथे दगड-मातीच्या कोनाड्याचा आणि पत्र्याचा स्वभाव वेगळा पडतो. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू आत सोडते. धाब्याच्या घरात वैशाखात रात्री दहानंतरही आत झोपवत नाही, म्हणून माणसं धाब्यावर झोपायला जातात. कोंबडीला मात्र आपण त्याच तापलेल्या कोनाड्यात घालून फळी लावतो. पत्रा दुपारी भट्टी होतो, पण अंधार पडला की तासाभरात निवतो. म्हणून पत्र्याच्या खुराड्याला साडेचार-पाचला वरून पाणी मारावं, आणि कोंबड्यांना आत घेण्याची घाई करू नये. पत्र्याला फेब्रुवारी-मार्चमध्येच चुन्याची सफेदी केली तर तो पुष्कळ कमी तापतो. पावसात ती धुऊन जाते आणि थंडीत पत्रा पुन्हा ऊन घेतो. पश्चिमेला शेवगा लावावा. तो लवकर वाढतो आणि त्याचा पाला कोंबड्या आवडीने खातात.

दाण्याची वेळही हवेशी जोडलेली आहे. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी जोर धरते. सकाळी दहाला ज्वारी टाकली की तिची उष्णता भर दुपारी अंगावर येते. पहाटे उजाडताना आणि सूर्य मावळताना खायला द्यावं, दुपारी फक्त पाणी, तेही मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दोनदा बदलून. मार्चच्या अखेरीस अचानक चढणारा पहिला उकाडा जास्त घातक असतो, कारण अंगाला सवय झालेली नसते. भारी अंगाची, चरबी धरलेली कोंबडी आधी जाते. गिरिराज, वनराजा हे पक्षी अंगाने गावठीपेक्षा भारी. अंडी-मांस दोन्हींसाठी चांगले, पण त्यांना वैशाखात जास्त जागा आणि जास्त सावली लागते. आपली हलकी गावठी किंवा सातपुड्यापलीकडच्या झाबुआ भागातली कडकनाथ त्या मानाने चिवट. मानेवर पिसं नसलेली जात दिसायला ओबडधोबड असली तरी उघड्या मानेतून तिची उष्णता सहज बाहेर जाते. आणि वैशाखात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवू नये. अंड्याला ३७-३८ अंश हवेत, बाहेर ४४ असतात. कोंबडी ऊब देण्याऐवजी अंड्यांना सावली देत बसते आणि पिल्लं कवचातच मरतात.

पावसाळ्यात कूलरची युक्ती बंद पडते, कारण हवाच ओली असते. इथे सगळं लक्ष गादीकडे द्यायचं. भुईमुगाची टरफलं किंवा वखारीतला जाडसर भुसा तीन-चार इंच अंथरावा आणि रोज दाताळ्याने वरखाली करावा. मूठभर गादी हातात दाबून सोडली की ती सुटी व्हायला हवी. गोळा राहिला तर ती फार ओली. ओल्या, उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत रोग लावण्याइतके तयार होतात, म्हणून पिल्लं सगळ्यात जास्त जातात ती आषाढ-श्रावणात. ओल्या गादीवर चुना भुरभुरायची पद्धत आहे. त्याने जंतू मरतात हे खरं, पण चुन्याने अमोनिया एकदम जास्त सुटतो. चुना मारायचा तो खुराडं रिकामं करून, जमिनीला आणि भिंतींना. मग दोन दिवस उघडं ठेवून नवी गादी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दांडीखाली एक जुनी खताची पिशवी पसरणं. रात्रीची बरीचशी विष्ठा तिथेच पडते. सकाळी पिशवी उचलली की ओलीचा मोठा वाटा खुराड्याबाहेर गेला, आणि वांग्या-मिरचीच्या वाफ्याला खत मिळालं.

पाऊस नैऋत्येकडून येतो तेव्हा त्या बाजूचा पडदा वर, उत्तरेची बाजू मोकळी. झड लागली म्हणून दोन्ही पडदे लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाऊस उघडल्यावर, गणपतीपासून दिवाळीपर्यंत, डासांचा जोर असतो आणि कोंबड्यांच्या तुऱ्यावर देवीचे फोड त्यांच्यामुळेच पसरतात. हलत्या हवेत डास कमी बसतात. तेव्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात खुराडं पुन्हा उन्हाळ्यातल्या रात्रीसारखं मोकळं करावं.

जाळीबद्दल खानदेशाला एक कडू आठवण आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्री फार्मांवर सापडला, आणि मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात आला. इथे तो मोठ्या फार्मांवर नव्हता. हातेड, साळवे, मारूळ, सावदा या ठिकाणच्या परसातल्या कोंबड्यांत होता. सरकारी पथकांनी घरोघरच्या कोंबड्या नष्ट केल्या. ज्या बायांच्या दारातून त्या नेल्या त्यांच्या घरी पुन्हा अंडी यायला पुढचे कित्येक महिने गेले असतील. हवेसाठी उघडी ठेवलेली प्रत्येक जागा चिमणी-कावळ्याला बंद हवी, ती यासाठी. रानपाखरांची विष्ठा पाण्याच्या भांड्यात आणि गादीत पडू नये. हा विषाणू गार, ओल्या घाणीत जास्त काळ टिकतो; ऊन आणि कोरडेपणा त्याला मानवत नाही. म्हणजे अर्ध्या इंची जाळी आणि कोरडी गादी, या दोन्ही गोष्टी इथेही कामाला येतात.

राहिला ओट्यातला जुना कोनाडा. तो पाडून नवं खुराडं बांधायला सगळ्यांकडे पैसा आणि जागा नसते, आणि पाडायची गरजही नाही. फळीच्या जागी लाकडी चौकट करून तिला वेल्डमेश मारा. निम्मी हवा तिथेच आली. कोनाड्याच्या मागच्या कोपऱ्यात, छताला लागून, ओट्याच्या पृष्ठभागातून चार इंची पीव्हीसी पाइप वर काढा, भिंतीच्या कडेने चार-पाच फूट उंच न्या, वरच्या तोंडाला कोपरा बसवून ते खाली वळवा म्हणजे पाऊस शिरणार नाही, आणि जाळी बांधा. पाइप जितका उंच, तितकी ओढ जास्त. थंडीत समोरच्या जाळीच्या खालच्या निम्म्या भागाला फळी लावा, वरचा निम्मा भाग उघडा. आत दांडी बसवायला उंची नसेल तर विटांवर लाकडी फळ्यांची जाळीदार चौकट ठेवा, म्हणजे कोंबड्या विष्ठेवर बसणार नाहीत. वैशाखात मात्र त्या कोनाड्यात कोंबड्या घालू नका. आखाजीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांना अंगणात, चारी बाजूंनी जाळी असलेल्या खाटेएवढ्या पिंजऱ्यात ठेवा, आणि पिंजऱ्याचे पाय विटांवर घ्या. वेल्डमेशचे चार तुकडे, पाइप, कोपरा आणि सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच याचा खर्च.